जनधन खातं आहे, मग कर्ज का नाही?

अनवट

आमच्या सोसायटीत पोळ्यांची कामं करणाऱ्या मावशींसाठी विचारतेय. त्यांना घरूनच डबे सुरू करायचे आहेत. गिऱ्हाईक आहे, आम्हीच चारपाच घरं आहोत. मोठी शेगडी, कणीक मळायचं मशीन, डबे आणि पहिल्या महिन्याचा किराणा धरून सगळं पन्नास हजारांच्या आत बसतंय.

त्यांचं जनधन खातं २०१५ पासून आहे. बँकेत गेल्या तर काउंटरवरच्या माणसाने पासबुक चाळलं आणि "जनधनवर लोन होत नाही, सिबिल पण बघावा लागतो" म्हणून परत पाठवलं. अर्जसुद्धा घेतला नाही. बँकेचं नाव मुद्दाम लिहीत नाही, दुसरीकडे वेगळं काही घडलं असतं असं मला वाटत नाही.

त्याच आठवड्यात फायनान्सवाला गल्लीत येऊन "ताई, तुमचं टॉप-अप बसतंय" म्हणून गेला, म्हणजे चालू कर्जावर आणखी कर्ज. त्यांची अशी दोन कर्जं आधीच चालू आहेत. एक चाळीस हजारांचं, एक पन्नासचं, दोन्ही दोन वर्षांची. हप्ते २,११५ आणि २,६४४. आजवर एकही चुकलेला नाही. मावशींचे महिन्याला बारा हजार, नवरा वॉचमन आहे, त्याचे अकरा.

देशात पन्नास कोटींच्या वर जनधन खाती उघडली, त्यातली निम्म्याहून जास्त बायकांच्या नावावर आहेत, हे आपण दरवर्षी ऐकतो. मग खातं असलेल्या, हप्ते वेळेवर भरणाऱ्या बाईला बँक दारातूनच का परत पाठवते?

पासबुक

मी सरकारी बँकेतून शाखाधिकारी म्हणून निवृत्त झालो. काउंटरवरचं उत्तर चुकीचं होतं हे आधी सांगतो. अर्ज घ्यायलाच हवा होता. पण त्या माणसाला पासबुकात काय दिसलं असेल तेही सांगतो.

अशी पासबुकं मी हजारांनी पाहिली आहेत. लाडकी बहीणचे १,५०० जमा. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ग्राहक सेवा केंद्रातून अंगठा लावून १,५०० उचल. मे महिन्याच्या शेवटी विम्याचे ४३६ आणि २० वजा, तेही शिल्लक असली तर. पुढच्या महिन्यात पुन्हा १,५०० येतात आणि जातात. शिल्लक कायम दोन आकडी. मावशींचा बारा हजारांचा पगार या पासबुकात कुठेच नाही, कारण तुम्ही सगळे तो हातात देता. बँकेच्या लेखी या बाईचं उत्पन्न सरकारी अनुदान एवढंच.

जनधन २८ ऑगस्ट २०१४ ला सुरू झाली तेव्हा आम्हाला वरून रोज एकच प्रश्न यायचा: आज किती खाती उघडली? किती खात्यांवर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे शिल्लक नसताना ठरावीक रक्कम उचलायची सोय, दिला हे त्या जोमाने कुणी विचारलं नाही. शून्य शिलकीची खाती कमी दिसावीत म्हणून काही ठिकाणी कर्मचाऱ्यांनीच एकेक रुपया भरल्याच्या बातम्या २०१६ मध्ये आल्या होत्या, आठवत असतील. जे मोजलं गेलं ते झालं.

ओव्हरड्राफ्टची तरतूद मात्र खरी आहे. आधी मर्यादा ५,००० होती, २०१८ मध्ये १०,००० केली. त्यातल्या २,००० पर्यंत कुठलीही अट नाही. त्याहून जास्त हवा तर खातं सहा महिने नीट चाललेलं हवं, कुटुंबात एकालाच मिळतो, शक्यतो बाईला. पण डब्यांच्या व्यवसायाला दहा हजार पुरायचे नाहीत, त्यामुळे तुमच्या प्रश्नाचं हे उत्तर नव्हे.

रोखठोक

अप्रिय बोलतो. बँकेतला पैसा ठेवीदारांचा असतो. उद्या हे कर्ज बुडालं तर शाखाधिकाऱ्याची चौकशी होते, धागा काढणाऱ्याची नाही. या देशात कर्जमाफीची सवय लागलेली आहे, मग बँकांनी हात आखडता का घेऊ नये?

पासबुक

@रोखठोक, चौकशीचं खरं आहे, मी एक भोगलेली आहे. पण माफी झाली ती पीककर्जाची. पोळ्या करणाऱ्या बाईचं कर्ज कुठल्या सरकारने माफ केलं ते सांगा. बचत गटांच्या कर्जाचं थकीत प्रमाण गेल्या काही वर्षांत दोन टक्क्यांच्या आसपास उतरलंय. त्याच बँकांची मोठी उद्योगकर्जं २०१८ च्या सुमारास कुठल्या अवस्थेत होती ते आठवून पहा.

बँक हात आखडते त्याचं कारण कष्टाच्या हिशोबात आहे. पन्नास हजारांच्या फाइलला जागेची पाहणी, कागद, मंजुरी, वसुली हे सगळं पाच लाखांच्या फाइलइतकंच करावं लागतं आणि व्याज मिळतं दहावा हिस्सा. शाखेत माणसं तीन. कुठली फाइल आधी होईल?

दुचाकी

मी चार वर्षं मायक्रोफायनान्समध्ये फील्डवर होतो, आता सोडलंय. हप्त्यावरून सांगतो: चाळीस हजार, २४ महिने, २,११५ म्हणजे व्याज २४ टक्के, घटत्या शिलकेवर. एकूण भरणा ५०,७६०. तेच बँकेने ११ टक्क्यांनी दिलं असतं तर हप्ता १,८६४ आणि एकूण ४४,७४३ च्या आसपास. म्हणजे दोन वर्षांत सहा हजारांचा फरक.

आता मावशींच्या बाजूने बघा. बँकेत जायचं म्हणजे सकाळची कामं बुडवायची. एकदा "साहेब मीटिंगमध्ये आहेत", एकदा "कोटेशन आणा", एकदा "नवऱ्याचं आधार आणा". प्रत्येक खाड्याला दोन घरं नाराज. त्यात एक काम सुटलं तर सहा हजारांची बचत तिथेच संपली. आम्ही मात्र गल्लीत जायचो, ओट्यावर बसून फॉर्म भरायचो आणि काही दिवसांत पैसे खात्यावर. म्हणून बायका चोवीस टक्के देतात. त्यांना हिशोब कळत नाही असं समजू नका.

आता आमचीही काळी बाजू. रिझर्व्ह बँकेचे एप्रिल २०२२ पासूनचे नियम असे: वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाचं विनातारण कर्ज म्हणजे मायक्रोफायनान्स. आणि कुटुंबाच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या ५० टक्क्यांवर जाता कामा नयेत. नियम चांगला. पण उत्पन्नाचा आकडा लिहिणार कोण? मीच. महिनाअखेर टार्गेट अपुरं असलं की वॉचमनचा पगार वाढायचा, मुलगा "मजुरी करतो" व्हायचा. फक्त वर्षाचे ३ लाख ओलांडायचे नाहीत एवढं बघायचं. व्याजावरची कमाल मर्यादाही त्याच नियमांनी उठवली.

आणि कंपनी बायकांचा गट करून कर्ज देते, त्या गटातल्या एकीचा हप्ता आला नाही की बाकीच्या नऊजणींना उठू द्यायचं नाही, हे मी पाहिलंय. करारात ते कुठेच नसतं.

बँक_सखी

नमस्कार. मी मराठवाड्यात उमेद अभियानात, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानात, बँक सखी म्हणून काम करते. दुचाकी दादांनी लिहिलंय तो कंपनीचा गट. आमचा बचत गट वेगळा, आणि शहरातली माणसं दोन्हींना एकच समजतात म्हणून लिहावंसं वाटलं.

कंपनीच्या गटात पैसा कंपनीचा, नियम कंपनीचे, गट फक्त जामिनापुरता. बचत गटात आधी आपली बचत. दहा-बारा बायका आठवड्याला पन्नास-शंभर टाकतात, त्यातूनच एकमेकींना देतात, व्याज गटातच राहतं. हे काही महिने नीट चाललं की बँक येऊन वह्या बघते. बैठक नियमित, बचत नियमित, अंतर्गत कर्ज, परतफेड, हिशोब, याला आम्ही पंचसूत्री म्हणतो. नाबार्डने १९९२ मध्ये प्रयोग म्हणून पाचशे गटांपासून हे सुरू केलं होतं. आज वीस लाखांपर्यंतच्या गटकर्जाला बँकेला तारण मागता येत नाही, आणि तीन लाखांपर्यंत वेळेवर फेडणाऱ्या गटाला सात टक्क्यांनी कर्ज पडतं.

बँकेत साहेब पासबुक बघतात त्याआधी मी त्यांच्यापुढे कर्ज वही उघडते. त्यात लिहिलेलं असतं: शेळी ८,०००, परत. मुलाचं दवाखान्याचं ३,०००, एक हप्ता उशीर, कारण तेराव्याचा खर्च, पुढच्या बैठकीत भरला. बाईच्या सहीखाली दोघींच्या सह्या. जनधनच्या पासबुकात जे दिसत नाही ते इथे दिसतं. कुणी अडचणीत आली तर तिने काय केलं हे बँकेला कळतं, आणि साहेबांना खरं म्हणजे तेवढंच हवं असतं.

पण सगळं छान चाललंय असंही नाही. आमच्याकडे ऑक्टोबर लागला की निम्मं गाव ऊसतोडीला जातं. मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेली असते, ती फिटेपर्यंत कोयता सोडता येत नाही. गटातल्या सहाजणी कारखान्यावर, चारजणी गावात. बैठक होणार कशी? मग मार्चमध्ये बँकेचा माणूस वही बघतो आणि म्हणतो बैठका अनियमित, श्रेणी कमी. ज्या बाईला उचलीतून सुटायला कर्ज हवंय तिचाच गट उचलीमुळे नापास होतो. आम्ही फोनवर बचत गोळा करून, कोपीवरून, म्हणजे तोडणीच्या तळावरच्या झोपडीतून, पैसे पाठवून कसंबसं निभावतो, पण अभियानाच्या फॉर्ममध्ये ऊसतोडीला रकाना नाही.

दुसरं, "तुमच्या गटातली एक बाई थकबाकीदार आहे, म्हणून गटाला कर्ज नाही" असं बँका सर्रास सांगतात. रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक उलट आहे. एखादी सदस्य किंवा तिच्या घरचं कुणी थकलेलं असेल, पण गट थकलेला नसेल, तर एवढ्यावरून गटाला अडवू नये. फक्त त्या कर्जातून त्या थकलेल्या बाईला द्यायचं नाही. मी हे परिपत्रक पिशवीतच ठेवते. दाखवलं की साहेब चिडतात, पण फाइल पुढे सरकते.

रोखठोक

@बँक_सखी ताई, ऊसतोडीचं माहीत नव्हतं. गटांबद्दल माझा आक्षेप नाही. आक्षेप असा की मावशींना आज पैसे हवेत आणि गट करून सहा महिने बचत करायला कोण थांबणार?

बँक_सखी

थांबणं जमणार नसेल तर आज त्यांच्यासाठी गट नाही, मान्य. पण शहरातही गट आहेत. महापालिकेचा समाज विकास विभाग असतो, माविम आहे, म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळ, १९७५ पासूनचं. वस्तीत चालू गट असेल आणि जागा असेल तर पुढच्या गरजेसाठी आत्ताच शिरून ठेवा. पुढची गरज येणारच आहे.

हातगाडी

आमचा भाजीचा गाडा आहे. पप्पांना २०२० मध्ये पथविक्रेत्यांसाठीच्या पीएम स्वनिधी योजनेतून दहा हजार मिळाले, मग वीस, मग पन्नास. प्रत्येक वेळी आधीचं फेडलं की पुढचं. आता पहिलं पंधरा आणि दुसरं पंचवीस केलंय, तिसरं पन्नासच. दुसरं फेडलं की यूपीआयवर चालणारं रुपे क्रेडिट कार्डपण आहे. तारण नाही, व्याजात सात टक्के परत येतात.

आमच्या घरात बँकेचं पहिलं कर्ज तेच. त्याआधी मंडईतला माणूस सकाळी नऊशे देऊन संध्याकाळी हजार घ्यायचा. वर्षाचं व्याज काढायच्या फंदात पडू नका, आकडा मावत नाही.

अडचण शिफारसपत्राची. पालिकेच्या सर्वेक्षणात नाव असेल तर सोपं, नसेल तर शिफारसपत्रासाठी हेलपाटे. अनवटताई, मावशी घरून डबे देणार म्हणजे पथविक्रेत्या नाहीत, त्यामुळे त्यांना हे लागू होणार नाही. पण मला एक कळलं. दहा हजार ही रक्कम काहीच नव्हती, पप्पांना दोन पोती कांदा जास्त घेता आला इतकंच. खरा फायदा असा की त्या दहा हजारांची परतफेड कुठेतरी नोंदली गेली.

अनवट

सगळ्यांचे आभार. म्हणजे आता छोट्या धंद्यांसाठीची सरकारी मुद्रा कर्ज योजना हाच मार्ग उरतो का? आणि सिबिलचं काय? त्यांचा सिबिल नसेलच ना?

पासबुक

हो, मुद्रा. एप्रिल २०१५ पासून आहे. पन्नास हजारांपर्यंत शिशु, तुमचं काम त्यात बसतं. मुद्रा ही संस्था स्वतः कुणाला कर्ज देत नाही, कर्ज बँकच देते, म्हणून "मुद्राच्या ऑफिसातून बोलतोय, प्रोसेसिंग फी भरा" असा फोन आला तर तो ठग समजा. तारण मागायचं नाही. कर्ज बुडालं तर बँकेला हमी निधीचं संरक्षण आहे. एवढं असून शाखा का कचरते? हमीचा दावा करायला आधी खातं थकीत व्हावं लागतं, आणि ते शाखेच्या पत्रकावर लाल शाईत दिसतं. निधी नंतर भरपाई देईल, पण शाखाधिकाऱ्याचा गोपनीय अहवाल आधी लिहिला जातो.

सिबिलबद्दल तुमचा समज उलटा आहे. मायक्रोफायनान्स कंपन्याही पतमाहिती कंपन्यांना नोंदी देतात. अशा कंपन्या चार आहेत, सिबिल त्यातली एक, आणि सूक्ष्मकर्जाच्या नोंदी बऱ्याचदा क्रिफ हायमार्कमध्ये नीट सापडतात. प्रत्येकीकडून वर्षाला एक संपूर्ण अहवाल फुकट मिळतो. मावशींचे न चुकलेले हप्ते तिथे असणार. तो छापून अर्जाला जोडा, पासबुकापेक्षा तोच कागद बोलेल. ज्यांची खरोखर काहीच नोंद नाही त्यांच्याबाबतही, केवळ इतिहास नाही म्हणून पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज फेटाळू नये, असं रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये बँकांना सांगितलंय.

बाकी कागद थोडे आहेत. उद्यम असिस्टवर नोंदणी करून घ्या, जीएसटी नसलेल्या छोट्या धंद्यांसाठीच ते २०२३ मध्ये काढलं. अन्नसुरक्षेची मूळ नोंदणी लागेल. शेगडी आणि मशीनचं कोटेशन. आणि कृपा करून तुम्ही सगळे मावशींचे पगार यूपीआयने त्यांच्या खात्यात द्यायला लागा. सहा महिने तसं झालं की पासबुकाचं रूपच बदलेल. खातं २०१५ चं आहे म्हणजे केवायसी पुन्हा करायची वेळ झालेली असेल, ती आधी उरका, नाहीतर पगार यायचा आणि अडकून पडायचा.

अनवट

पगार खात्यात द्यायचं मी मावशींना विचारलं. म्हणाल्या, "खात्यात आला की नवऱ्याला मेसेज जातो." मोबाइल नंबर त्याचा दिलेला आहे.

बँक_सखी

हे आमच्याकडे रोजचं आहे. केवायसीला जातील तेव्हाच नंबर बदलून घ्या, मावशींचा स्वतःचा द्या. एकाच खेपेत होतं.

वाटसरू

अवांतर, पण पासबुक काका, पूर्वी ४ टक्क्यांचं एक कर्ज होतं ना गरिबांसाठी? माझ्या आजोबांनी त्यावर शिलाई मशीन घेतलं होतं.

पासबुक

डीआरआय, विभेदक व्याजदर योजना, १९७२ ची. कागदावर अजून आहे. चार टक्के व्याज, पंधरा हजारांपर्यंत. पण पात्रतेचं वार्षिक उत्पन्न ग्रामीण भागात १८,००० आणि शहरात २४,०००. वर्षाचं हं, महिन्याचं नाही. म्हणजे शहरात महिन्याला दोन हजार मिळवणारं कुटुंब. लाडकी बहीणचे पंधराशे धरले तर वर आणखी पाचशे कमवायची मुभा. योजना बंद न करता बंद कशी पाडायची त्याचा हा नमुना.

रोखठोक

बरं, अर्ज दिला आणि तरी बँकेने घेतलाच नाही तर?

पासबुक

दोन प्रती करा, एकीवर शाखेचा शिक्का आणि तारीख मागा. शिक्का नाही म्हणाले तर स्पीड पोस्टाने पाठवा, नाहीतर सरकारच्या जनसमर्थ पोर्टलवरून ऑनलाइन भरा, तिथे क्रमांक मिळतो. नाकारायचं असेल तर कारण लेखी द्यावं लागतं. बहुतेक वेळा "कारण लेखी द्या" एवढं नम्रपणे म्हटलं की खुर्ची पुढे होते. नाहीच झाली तर प्रत्येक जिल्ह्यात अग्रणी बँकेचा जिल्हा व्यवस्थापक असतो, त्याच्याकडे जा. मुद्राची उद्दिष्टं त्यालाच बैठकीत वाचून दाखवावी लागतात, त्यामुळे त्याला अशा अर्जात रस असतो. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तीस दिवसांनी जाता येतं, पण कर्ज द्यायचं की नाही हा बँकेचा व्यावसायिक निर्णय म्हणून तो हात घालत नाही. अर्ज न घेणं, कारण न देणं, यावर तक्रार टिकू शकते.

दुचाकी

आकडेमोड करून ठेवतो. मावशी आणि नवरा मिळून २३ हजार, वर्षाचे २ लाख ७६ हजार. निम्मे म्हणजे ११,५००. चालू हप्ते ४,७५९. मुद्राचे पन्नास हजार तीन वर्षांसाठी ११ टक्क्यांनी धरले तर १,६३७. एकूण ६,३९६. बसतंय, आणि बँकेलाही हेच गणित दाखवा.

मात्र मुद्राच्या पैशातून जुनं कर्ज फेडायच्या मोहात पडू नका. ते धंद्यासाठी दिलेलं कर्ज आहे, मशीनचं बिल बँक मागणार. डब्यातून पैसे सुटायला लागले की आधी चाळीस हजारवालं मुदतीआधी मिटवा, त्याला दंड लावता येत नाही.

टॉप-अपला आत्ता नाही म्हणा. तो पुन्हा येईल, आणि हप्त्याची वेळ साधून येईल. वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करायचा नाही, आणि ठरलेल्या जागी लागोपाठ दोनदा आली नाही तरच घरी किंवा कामाच्या जागी जायचं, असा नियम आहे. तुमच्या सोसायटीच्या गेटवर कुणी हप्ता मागायला आलं तर वॉचमनकडे न सोडता तुम्ही स्वतः खाली जा आणि त्याचं ओळखपत्र मागा.